एकतारी

डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यातून पाणी काढलं तेव्हा मी तिच्या उशाशी उभी होते. नागपुरातल्या धंतोलीतलं लहानसं क्लिनिक. नवतपा लागायला चार दिवस होते आणि खिडकीतल्या कुलरच्या वाळ्याचा ओला वास स्पिरिटच्या वासात मिसळला होता. सिरिंजमध्ये हळूहळू पिवळसर पाणी चढत गेलं, ताकावरच्या निवळीसारखं. वीसेक मिली असेल. ते तपासणीच्या नळीत भरून झाल्यावर सुईच्या टोकाशी राहिलेला थेंब डॉक्टरांनी हातमोज्याच्या बोटावर घेतला, त्यावर अंगठा टेकवला आणि हळूच उचलला. थेंब जरासा ताणला आणि तुटला.

आई मान उचलून पाहत होती.

"पाक कच्चा आहे," ती म्हणाली.

"काय म्हणालात काकू?"

"तार नाही आली नं. एकतारी बी नाही."

डॉक्टर हसले, मीही हसले. रिक्षा सीताबर्डीच्या गर्दीत अडकली तेव्हा मात्र मला ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हसू गेलं. मी फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवते. दर वर्षी एका तासाला फळ्यावर 'हायलुरोनन' असं, सांध्यातल्या पाण्याला दाटपणा देणाऱ्या रेणूचं नाव लिहिते, दोन शर्करांची षट्कोनी चित्रं काढते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. त्या रेणूची परीक्षा आणि पाकाची परीक्षा एकच, हे मला कधी सुचलं नव्हतं. ज्या तारेची डॉक्टर वाट पाहत होते, ती साखरेचीच तार असते.

निरोगी सांध्यातला थेंब दोन बोटांत ओढला तर चांगली काही सेंटीमीटर लांब तार निघते. सुजलेल्या सांध्यातला थेंब पाण्यासारखा तुटतो. ही फार जुनी तपासणी, पलंगाशेजारी उभं राहून करायची. खरं निदान पेशी मोजून आणि स्फटिक शोधूनच होतं, आणि आमची नळीही त्यासाठी लॅबमध्ये गेलीच. पण बोटांना आधी कळतं. महाल भागातल्या आमच्या घरी आई रव्याच्या लाडवांचा पाक अजून तसाच बघते. थर्मामीटरचा संबंध नाही. बोटाला चटका बसतो, तो बसू द्यायचा.

आता सांध्यातल्या 'वंगणा'बद्दल.

नागपुरात गुडघा दुखतो म्हटलं की जो भेटेल तो एकच निदान करतो. रिक्षावाला म्हणाला, "आजीचं ग्रीस खतम झालं असन." शेजारच्या काकू तेच म्हणाल्या. क्लिनिकमध्ये ठेवलेल्या रंगीत पत्रकावर तर चक्क तेलाच्या बुधलीचं चित्र होतं. आणि मी? मीही वर्गात 'सांध्यातलं वंगण' हेच शब्द वापरत आले. मुलांना पटकन कळतं, परीक्षेत लिहिता येतं.

पण निरोगी गुडघ्यात मुळात तीन-चार मिलीच द्रव असतो, एक चमचाभरही नाही. आईच्या गुडघ्यातून वीस मिली निघालं. ग्रीस संपलं असतं तर हे एवढं आलं कुठून? कमी काहीच झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. बिघडली होती ती तार. दाह झाला की रक्तातलं पाणी सांध्यात पाझरतं, हायलुरोनन विरळ होतं, आणि त्याच्या लांबलचक साखळ्यांचे तुकडे होतात. पाकात पाणी ओतून वर ढवळत बसावं, तशी गत.

शिवाय वंगणाचं काम तरी हा रेणू एकटा कुठे करतो? हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेच्या पृष्ठभागावर ल्युब्रिसिन नावाचं प्रथिन असतं, घसरण्याची बरीचशी जबाबदारी त्याची. हायलुरोननचं वैशिष्ट्य वेगळं आहे. आई देवघराकडे सावकाश चालत जाते तेव्हा ते पातळ होऊन वाहतं. जिन्याची शेवटची पायरी चुकून पाय धपकन पडला की तेच क्षणभर रबरासारखं वागतं आणि धक्का पोटात घेतं. असं ग्रीस कुठल्या गॅरेजमध्ये मिळत नाही.

हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो गुडघ्यात नव्हे, डोळ्यात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाई-बैलांच्या डोळ्यांतल्या काचद्रवातून तो वेगळा केला. ग्रीक भाषेत 'हायलोस' म्हणजे काच. त्यात युरॉनिक आम्ल सापडलं, म्हणून नाव पडलं हायलुरॉनिक अ‍ॅसिड. पुढे 'हायलुरोनन' हे नाव रूढ झालं, कारण शरीरात तो आम्लाच्या रूपात नसतोच, क्षाराच्या रूपात असतो. बाटल्यांवर मात्र अजून अ‍ॅसिडच छापलेलं असतं. 'हायलुरोनन' वाचून कोण विकत घेणार!

रचना इतकी साधी की शिकवताना लाज वाटावी. ग्लुकुरॉनिक आम्ल आणि एन-असिटिल ग्लुकोसामाइन या दोनच शर्करा, एकाआड एक. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यात दर दुसरा मणी रुद्राक्षाचा घातला तर जे होईल ते. फांद्या नाहीत, गंधकाचे गट नाहीत, प्रथिनाचा कणा नाही. पण माळ लांब किती? चांगल्या सांध्यातल्या एका साखळीत मण्यांच्या दहा हजार जोड्या सहज असतात. सरळ ताणली तर एक शतांश मिलिमीटर भरेल. ऐकायला कमी वाटतं, पण रक्तातली तांबडी पेशी त्याहून लहान असते. पेशीपेक्षा लांब रेणू!

आणि तो तयारही होतो निराळ्या पद्धतीने. त्याच्या जातीच्या इतर साखळ्या पेशीच्या आत, गॉल्जी नावाच्या कारखान्यात बनतात. ही बनते थेट पेशीच्या पडद्यावर. तिथे बसलेलं एन्झाइम आतून एकेक मणी ओवतं आणि ओवता ओवता साखळी बाहेर ढकलत जातं. सोऱ्यातून शेव पडावी तशी. फरक एवढाच की इथे पीठ सोऱ्यातच मळलं जातं. अशी तीन एन्झाइमं आपल्याकडे आहेत. त्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं काढून टाकलं तर उंदराच्या गर्भात हृदयाची घडणच नीट होत नाही आणि तो अर्ध्या वाटेवर मरतो. म्हणजे हा म्हातारपणी आठवायचा पदार्थ नाही. पहिल्या ठोक्याआधीपासून तो आपल्यासोबत आहे.

सत्तर किलोच्या माणसात सगळा मिळून १५ ग्रॅमच्या आसपास. चहाचे तीन-चार चमचे साखर म्हणा. त्यातला निम्म्याहून जास्त त्वचेत. आणि या १५ ग्रॅममधला साधारण एक तृतीयांश शरीर रोज मोडतं आणि रोज नवा करतं. रक्तात आलेली साखळी तर काही मिनिटंच टिकते. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर स्टॅबिलिन-२ नावाचा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, बसलेला असतो, तो तिला उचलून आत ओढतो आणि निकालात काढतो. लसिकावाहिन्यांवर वेगळा पहारेकरी असतो, लाइव्ह-१. हे मी इतकी वर्षं 'निर्मूलनाचे मार्ग' या कोरड्या मथळ्याखाली शिकवलं. आता विचार येतो, जे रोज तिसरा हिस्सा बदलतं, ते एकदा टोचून साठवणार कसं?

रिसेप्टरला मराठी पुस्तकांत 'ग्राही' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण इथे नुसतं धरणं नाही, ऐकणंही आहे. १९९० मध्ये ठरलं की पेशीच्या अंगावरचा सीडी-४४ हा हायलुरोननचा मुख्य रिसेप्टर. आपल्या बहुतेक पेशींवर तो असतो. एकट्या सीडी-४४ ची पकड तशी ढिलीच. पण साखळी लांब असली की ती एकाच वेळी शेजारशेजारचे कित्येक हात धरते आणि पकड घट्ट होते. त्या अवस्थेत पेशी बहुधा शांत असते: वाढू नकोस, हलू नकोस, सगळं ठीक आहे. साखळीचे बारके तुकडे झाले की तेवढे हात एकत्र धरता येत नाहीत. वर जिवाणू ओळखण्यासाठी ठेवलेले टीएलआर-२ आणि टीएलआर-४ हे पहारेकरीही त्या तुकड्यांमुळे जागे होतात, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे. मग दाहाचे संदेश सुटतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पांढऱ्या पेशी धावत येतात.

रेणू तोच. मणी तेच, क्रम तोच. बदलली फक्त लांबी. काचेचा ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज होतो तेव्हा माजघरातलं कुणी मान वर करत नाही, तोच ग्लास फुटला की घरभरातून "काय झालं?" येतं. मायरसाहेबांनी काचेवरून नाव ठेवलं ते असं उपयोगी पडलं.

जखम झाली तर हा फुटल्याचा आवाज हवाच, त्याशिवाय दुरुस्तीला कुणी येणार नाही. पंचाईत होते ती आवाज थांबत नाही तेव्हा. झिजलेल्या सांध्यात दाहाने साखळ्या तुटतात, तुटलेल्या तुकड्यांनी दाह वाढतो. रिसेप्टरांची यादी इथे संपत नाही. पेशीच्या हालचालीशी नातं असलेला आर-हॅम आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कस्तुरी दत्ता यांच्या प्रयोगशाळेने शोधलेलं एचएबीपी-१ आहे. तेच प्रथिन इतरांनी पी-३२ आणि जीसी-१-क्यूआर अशा नावांनी पाहिलेलं निघालं. एकाच माणसाला माहेरी, सासरी आणि ऑफिसात वेगळ्या हाका माराव्यात तसं. एवढे कान असताना 'वंगण' म्हणून विषय मिटवणं बरं नाही.

लांबीचं महत्त्व मुलांना पटवायचं असेल तर मी आता नेकेड मोल रॅट दाखवते. फोटो लावला की वर्ग किंचाळतो. सुरकुतलेला, गुलाबी, पुढचे दोन दात बाहेर. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहतो, तीस वर्षांहून जास्त जगतो आणि त्याला कॅन्सर क्वचितच होतो. अमेरिकेत रॉचेस्टरला वेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव यांच्या प्रयोगशाळेत या प्राण्याच्या पेशी वाढवताना भोवतीचा द्रव दर वेळी पाकासारखा दाट व्हायचा. नळ्या तुंबायच्या. दुसऱ्या कुणी वैतागून पेशी फेकल्या असत्या. यांनी तो दाटपणाच तपासला, तर त्यात माणसाच्या किंवा उंदराच्या पाचपट लांब हायलुरोनन! २०१३ मध्ये त्यांनी म्हटलं की कॅन्सर रोखण्यामागे ही लांबी आहे. २०२३ मध्ये त्यांनी या प्राण्याचं हायलुरोनन बनवणारं जनुक साध्या उंदरांत घातलं; उंदरांचा दाह कमी झाला, आयुष्य सरासरी चारेक टक्क्यांनी वाढलं. मधे २०२० मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं की या प्राण्याच्या पेशीही कॅन्सरच्या वाटेला नेता येतात, म्हणजे नुसत्या पाकाने सगळं उलगडत नाही. ही भांडणंही मी वर्गात सांगते. पाठ्यपुस्तकात ती येत नाहीत, आणि मुलांना वाटतं की सगळं ठरलेलंच होतं.

एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग वाईट ठिकाणी असेल तर कापून टाकायचं." चांगला प्रश्न. स्वादुपिंडाच्या काही गाठींभोवती हायलुरोननचा इतका गच्च थर असतो की रक्तवाहिन्या दबतात आणि औषध आत पोचत नाही. हा थर कापणारं एन्झाइम केमोथेरपीसोबत देऊन पाहिलं. उंदरांत फार सुंदर निकाल आले. माणसांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला: आयुष्य वाढलं नाही. मुलगी थोडी हिरमुसली. मी तिला जास्त काही सांगू शकले नाही.

क्लिनिककडे परत येते. पाणी काढून झाल्यावर डॉक्टरांनी हायलुरोननच्या इंजेक्शनचा पर्याय सांगितला. आईने माझ्याकडे न बघता थेट त्यांनाच विचारलं, "कायचं बनवते हे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आता आई माळकरी. लसूणसुद्धा एकादशीला घरात येत नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलं जायचं. एंड्रे बालाझ या हंगेरियन शास्त्रज्ञाने ती वाट पाडली. त्याने आधी, १९४२ मध्ये, बेकरीत अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हायलुरोनन वापरण्याच्या कल्पनेवर पेटंट मागितलं होतं. पुढे त्याचंच शुद्ध हायलुरोनन डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आलं. मोतीबिंदू काढताना डोळ्याचा पुढचा कप्पा मिटू नये, आतलं नाजूक अस्तर खरचटू नये म्हणून जी पारदर्शक जेल भरतात, ती हीच. आईचे दोन्ही मोतीबिंदू निघाले आहेत. तेव्हा कुठली जेल वापरली होती ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

"आता जंतूंपासून करतात," मी म्हणाले. हे बहुतांशी खरं आहे. घशात सूज आणणारा स्ट्रेप्टोकॉकस अंगावर हायलुरोननचंच कवच घालून फिरतो. चोराने खाकी घालून बंदोबस्तात शिरावं तसा, आपल्या पहारेकऱ्यांना तो घरचाच वाटतो. त्याच्याच भाऊबंदांतला एक जंतू टाक्यांमध्ये वाढवून कारखाने हा माल काढतात.

आईने विचार केला. "जंतूचं चालते. दह्यात बी तेच असते."

मी त्या रात्री कुलरसमोर बसून संशोधन वाचलं. खरं तर ते आधीच वाचायला हवं होतं. २०२२ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला आहे, २१ हजारांहून जास्त रुग्णांचा. गुडघ्यातल्या या इंजेक्शनने खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणं कमी झालं ते शंभरच्या पट्टीवर सुमारे दोन. रुग्णाला जाणवावा असा तो फरक नाही. वर गंभीर त्रासाचं प्रमाणही थोडं जास्त. टोचलेलं साधं हायलुरोनन तर काही दिवसांतच सांध्यातून निघून जातं. तरी काही जणांना महिनोन्‌महिने आराम का वाटतो, याचं एक उत्तर असं देतात की टोचलेल्या लांब साखळ्या सीडी-४४ ला धरतात, अस्तरातल्या पेशी शांत होतात आणि स्वतःचं चांगलं हायलुरोनन बनवू लागतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत असं दिसलंही आहे. मला ही कल्पना आवडते. पण कल्पना आवडणं आणि गुडघा दुखायचा थांबणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी ते संशोधन नाकारलं नाही. "काहींना बरं वाटतं. कुणाला वाटेल ते आधी सांगता येत नाही," एवढंच म्हणाले. आईला हवं होतं, कारण शेजारच्या काकूंनी घेतलं होतं. मी सगळं वाचून, समजून साडेअकरा हजार भरले. वर्गात पुराव्याच्या पायऱ्या शिकवणारी मी.

घरी आले तर लेक आरशासमोर. तिच्या हातातल्या ड्रॉपरच्या बाटलीवर तेच नाव. बाहेर पंचेचाळीस अंश. तिला म्हटलं, एवढा मोठा रेणू कातडीतून आत जात नाही, वरच बसतो आणि ओलावा धरतो. मग वरून क्रीम लाव, नाहीतर नागपूरच्या हवेत तो ओलावा टिकायचा नाही. "आणि हजारपट पाणी धरतं ते?" तिने बाटली वाचत विचारलं. ते वाक्य सगळ्या बाटल्यांवर असतं. विरळ द्रावात साखळी फुगून पुष्कळ जागा व्यापते हे खरं, पण ती काही घागर नव्हे. लेक म्हणाली, "आई, तू सगळ्याची मजा घालवतेस." सीरम लावलंच तिने. कुलरच्या झोतात बसून, हे मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटलं.

आईला जून-जुलैत खरंच बरं होतं. इंजेक्शनमुळे की वीस मिली पाणी निघाल्यामुळे, की त्याच आठवड्यात आम्ही तिचा पलंग माडीवरून खाली आणला म्हणून, मला सांगता येणार नाही. श्रावणात दुखणं परत आलं, पण सूज तेवढी नव्हती. या वेळी डॉक्टरांनीच सुईऐवजी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. घरी येणाऱ्या मुलीने मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम शिकवला: पाठीवर निजायचं, पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली ठेवायचा.

आई आकडे मोजत नाही. ती दहा वेळा 'राम कृष्ण हरी' म्हणते. पहिले तीन-चार अगदी संथ, कीर्तनात म्हणावेत तसे. पाय थरथरायला लागला की पुढचे भराभर उरकते. परवा मी दारातून घड्याळ लावून पाहिलं, शेवटचे पाच तिने तीन सेकंदांत म्हटले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झाले दहा."

"झाले," मी म्हटलं.